खरी सात नंबर

डेल्मर आणि हार्लन म्हणजे आमच्या आयोवातले दोन महाहट्टी म्हातारे. दोघांकडे एकेक जुनी, लाल, सात नंबरची शर्यतीची गाडी. चौसष्ट सालची जत्रेतली शर्यत आपल्याच गाडीने मारली, असं दोघंही छातीठोक सांगत, आणि त्यावरूनच त्यांचं बोलणं तुटलेलं. शेवटी दोघं आपापल्या ट्रकवर गाडी चढवून आमच्या दारात आले, कारण सात नंबरचा सांगाडा माझ्या बाबांनी बांधला होता.

नव्वदीच्या बाबांनी दोन्ही गाड्यांच्या सीटमागचे जोड चाचपले आणि खो खो हसत सुटले.

"अरे येड्यांनो, जिंकल्यावर आठवड्यातच ती उलटून मधोमध मोडली. सांगाड्याच्या चांगल्या नळ्या फेकून देईन होय मी? पुढचं धड एका नव्या गाडीला लावलं, मागचं दुसरीला!"

दोघंही वाकून एकमेकांच्या गाडीचे जोड बघायला लागले.

"परत जोडायची का?" डेल्मर पुटपुटला.

"जोडू. पण माझ्या गॅरेजात," हार्लन म्हणाला.

"तुझ्या? तुला खिळा तरी सरळ ठोकता येतो का?"

भांडत भांडतच दोघं डेल्मरच्या ट्रकमध्ये चढले आणि गेले. हार्लनचा ट्रक, वरच्या गाडीसकट, अजून आमच्या दारात उभा आहे.