बारा फुटांची सवत

स्टेशनजवळच्या, पाडायला काढलेल्या बिल्डिंगच्या गच्चीवरून ह्यांनी केबलच्या जमान्यातली बारा फुटी डिश भंगारवाल्याच्या हातून सोडवून आणली आणि आमच्या दहिसरच्या घरामागे उभी केली. दोन महिने हे तिचा गंज खरवडत होते, जाळीतला एकेक पोचा हलक्या हाताने सरळ करत होते. मी केस कापून आले, ते ह्यांना चौथ्या दिवशी शेजारच्या रत्नप्रभाने सांगितलं. आज डिश फिरवून सिग्नल धरायचा म्हणून मला टीव्हीसमोर बसवलं. खिडकीतून हाक आली, “अगं, चित्र आलं का?” “नाही.” “आता?” “थोडं डावीकडे घ्या.” “बरं, तू सांगशील तसं.” लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. तेवढ्यात पडद्यावर कुठल्याशा परदेशातली बाई लख्ख उमटली, हसून बातम्या देऊ लागली. मी तिचा आवाज बंद केला. “अहो, अजून नाही.”