पोपट आणि कोरं पान

आपली पत्नी वारल्याचं जुन्या मित्रानं, दिगंबरनं कळवलं, त्या पत्राला हैदराबादच्या प्रतापरावांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. हात कापे म्हणून ते संगणकावर लिहीत. पण लेखनाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत घंटा, चित्रं, मधेच टपकून ‘मदत करू?’ विचारणारा पोपटही आला.

“या पोपटापुढे काय डोंबल सुचणार!”

कामावरून आलेल्या सुनेनं, चारुलतेनं, चहाही न घेता एकेक आगंतुक हाकलला. प्रतापराव कौतुकानं बघत राहिले. पडद्यावर नुसतं कोरं पान उरलं.

“आता कायकू अडलंय, मामंजी?”

“तरी सुचत नाही गं. काय लिहू त्याला?”

“हेच लिहा.”

दुसऱ्या दिवशी काचीगुड्याच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट टाकलं. आत एकच ओळ होती : ‘दिगंबर, तुला काय लिहावं, सुचत नाही रे.’