शुक्रवारचा वारा

माळावरून वारा सुटला, तशी अकझारकीनने समुद्राच्या बाजूच्या चुलीवर कढई चढवली. शुक्रवारी गेलेल्यांच्या नावाने सात शेल्पेक तळायचे. त्या पातळ पोळ्या शेजारीपाजारी खातात. गेलेल्यांना पोचतो तो तळणीचा वास. बाकीच्या बायका घरात तळतात. हिच्या नवऱ्याची होडी मात्र कास्पियन समुद्रात गेली ती परत आलीच नाही. कबरही नाही. म्हणून वारा समुद्राकडे वळल्याशिवाय ती तेल तापवत नसे.

तिच्या पाठीमागे सून, कुनसुलू, दोरीवरचा निळा गालिचा काठीने झोडत होती. नौरोजचा सण तोंडावर आलेला. गालिचा झोडायचा तो वाऱ्याकडे पाठ करून. धूळ समुद्र गिळतो, ही इथली जुनी रीत.

"आई, एवढ्या लांब वास खरंच जातो?"

"न जायला काय झालं? वारा काय तुझ्यासारखा आहे, वाटेत शेजारणीशी गप्पा मारत बसायला? दिलेलं सगळं नेऊन पोचवतो."

सून हसली. "माझा गालिचाही तसाच पक्का बरं का. प्लास्टिकच्या धाग्याचा. तुमच्या लोकरीच्या नमद्यांसारखी कसर नाही लागत. कुजतसुद्धा नाही."

"तुझ्या जिभेसारखा!"

सातवी पोळी निघाली. अकझारकीनने दुवा मागून तोंडावरून हात फिरवले आणि ताट उचललं. वरच्या पोळीवर, तेलात, केसाहून बारीक काहीतरी चिकटलं होतं. निळं. तिने नखाने काढलं. शेजारी आणखी एक. खालच्या पोळीवरही.

तिने मान वर केली. काठी पडली की गालिच्यातून बारीक निळी लव उडत होती. उन्हात क्षणभर चमकत होती आणि कढईवरून, लव्हाळ्यांवरून, धुराच्या सोबतीने पाण्याकडे चालली होती. खाली काही पडत नव्हतं.

"कुनसुलू, थांब."

"झालंच, आई. जाऊ दे की, समुद्रातच जातंय."

अकझारकीनने नुसतं ताट तिच्यासमोर धरलं. कुनसुलूने पाहिलं, आणि काठी हळूच भिंतीला टेकवली.

दोघींनी गालिचा उतरवला, निळी बाजू आत घेऊन घडी घातली. चूल विझवली तरी वास अजून हवेत होता.

"हे निळंही एवढ्या लांब जात असेल का गं?" अकझारकीनने पाण्याकडे पाहत विचारलं.

कुनसुलूने सासूच्या बाहीवरचा एक निळा धागा टिपला आणि मुठीत घट्ट धरून ठेवला.