केवढं असतं ते कार्ड

यशोधरा टेबलाखाली शिरली. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकून झाला होता, मशीन बंद-चालू करून झालं होतं, तरी कॉम्प्युटरला ग्राफिक कार्ड दिसत नव्हतं. आणि कार्डाशिवाय नकाशाचं सॉफ्टवेअर उघडत नव्हतं.

"काय झालं गं?" वरून हिम्मतरावांनी विचारलं.

"बघायलेय, काका."

हिम्मतराव कार्यालयाचे अधीक्षक आणि मलकपेठेत तिच्या घराचे शेजारी. परवा नवं राज्य सुरू होणार होतं. हॉलच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली होती. अलीकडे तेलंगणा, पलीकडे आंध्र. खुर्च्या, कपाटं, कॉम्प्युटर, सगळं वाटून सील झालं होतं. आज संध्याकाळपर्यंत नव्या राज्याचा नकाशा निघाला, तर कंत्राटावरच्या यशोधराला पुढं ठेवावं असं हिम्मतराव लिहून देणार होते. तिच्या वडिलांना, तातेरावांना, त्यांनी तसा शब्द दिला होता.

मॉनिटरची वायर मागं साध्याच पोर्टात खोचलेली होती. जागा बदलताना शिपायांनी चुकीची जोडली असणार. तिला हायसं वाटलं. कार्डाचं पोर्ट खाली, जरा आडवं. तिथं अंधार होता म्हणून तिनं बोटानं चाचपलं.

बोट थेट आत गेलं.

ती तशीच थांबली. मग बाहेर येऊन म्हणाली, "काका, कार्डच नाही आतमध्ये."

हिम्मतरावांनी स्वतः सीलचा कागद फाडला. तिनं स्क्रू काढून कॅबिनेटचं झाकण सरकवलं. आत सगळीकडं धूळ बसलेली, फक्त एक पट्टी स्वच्छ.

"इथं होतं?"

"हो."

"या मशीनवर कोण बसतं?"

"मीच."

"आणि स्क्रूड्रायव्हर कुणाकडं असतो?"

"माझ्याकडं. पण सर, सील तर आत्ता तुम्हीच फाडलं."

"सील लावायच्या आधीचं विचारायलोय मी." समोरच्या टेबलावरचे दोघं लिहायचे थांबले. "केवढं असतं ते कार्ड?"

यशोधरानं दोन्ही हातांनी दाखवलं. वीतभर लांब, त्याच्या निम्मं रुंद. चुकू नये म्हणून तिनं हात थोडे जवळ घेतले.

"बॅग बघू तुझी."

ती हसली. रोज जेवणाच्या सुट्टीत ते असंच म्हणायचे, बघू काय दिलंय आईनं.

"हसू नकोस. इकडं आण. उद्या तुझ्या बापानंच विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे."

तिनं बॅग टेबलावर ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. डबा. छत्री. अफझलगंजच्या लायब्ररीतलं पुस्तक. पाण्याची बाटली. तळाशी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं, दोरा बांधलेलं एक पुडकं होतं. ते तिनं आतच राहू दिलं.

हिम्मतराव पुढं वाकले. "ते काय आहे?"

"ते माझं आहे, काका."

"एवढंच दाखवलंस ना आत्ता, हातानं? सोड दोरा."

तिनं आजूबाजूला पाहिलं. कुणी तोंड फिरवलं नाही. तिनं दोरा सोडला. कागद उलगडला. औषधाच्या दुकानातून बायका कागदात गुंडाळून आणतात, तसलं पॅडचं पाकीट दुपारच्या उजेडात हिम्मतरावांच्या टेबलावर पडलं.

हिम्मतराव खाकरले. "बरं," ते म्हणाले.

प्लायवूडच्या भिंतीला ठेवलेल्या दारातून पलीकडच्या पद्मावती मॅडम डोकावल्या. "क्या ढूंढ रे साब? कार्ड? वो तो हमारे पास है."

"तुम्हारे पास कैसा?"

"आपीच दिये ना. मशीन के बाद अलग खरीदे थे, तो गिनती में अलग पकड़े. मशीनां आपकू, कार्ड हमकू. मेकॅनिक बुलाके आपीच निकलवाए."

"ते?" हिम्मतराव म्हणाले. "ते पंखेवालं? अरे, मला वाटलं मशीन थंड ठेवायचा जादाचा पंखा आहे!" ते मोठ्यानं हसले. समोरचे दोघंही हसले. यशोधरा पुडक्याला पुन्हा दोरा बांधत होती. गाठ बसत नव्हती.

"शाम तक लेव अम्मा," पद्मावती मॅडम तिला म्हणाल्या. टेबलावरचं त्यांनी पाहिलं, आणि मग कुणाकडंच पाहिलं नाही. "जाते वक्त वापस देना, हौ?"

कार्ड बसवल्यावर पडदा क्षणभर काळा झाला आणि स्वच्छ उजळला. यशोधरानं नकाशा उघडला. सीमा, नद्या, जिल्हे, एकेक थर चढवला. पाणी प्यायला उठली नाही. संध्याकाळी मोठ्या प्रिंटरमधून नवं राज्य सरकत बाहेर आलं, तेव्हा हिम्मतराव चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले.

"झकास, बेटा. तुझा कागद आजच पाठवतो. सोमवारी वेळेवर ये. आणि दुपारचं घरी काही बोलू नकोस. तातेराव उगाच मनाला लावून घेतो."

तिनं मशीन बंद केलं, कार्ड काढलं, पलीकडं जाऊन पद्मावती मॅडमच्या हातात दिलं. परत येऊन कॅबिनेटचे स्क्रू घट्ट केले. मग बॅग उचलली आणि दाराकडं न जाता हिम्मतरावांच्या टेबलापाशी आली. चेन शेवटपर्यंत उघडून तिनं बॅग त्यांच्यासमोर धरली.

"बघून घ्या, सर. निघतेय मी."

"अगं, काय हे!" हिम्मतराव म्हणाले.

पण तेवढ्यात त्यांची नजर आत जाऊन आली होती.