पाण्यात: कोणी नाही

२:१०. गळती: चार बोटं. पाणी: नितळ. पाण्यात: कोणी नाही.

३:०५. गळती: सात बोटं. पाणी: गढूळ. पाण्यात:

शेवटचा रकाना राखणदारानं रिकामा सोडला. अर्धा तास तो बंधाऱ्याच्या पायथ्याशी गवत कापत होता. आता विळा तिथेच टाकून, वही काखेत मारून तो धापा टाकत वर निघाला.

मातीच्या बंधाऱ्यातून थोडं पाणी झिरपायचंच. नितळ असलं तर खुशाल झिरपू दे. गढूळ आलं, की समजायचं आतून माती सुटली.

बंधाऱ्याखाली आठ घरं होती. पहिलंच घर त्याच्या लेकीचं.

केबिनमध्ये थोरले मालक खुर्चीत पेंगत होते. बंधारा त्यांच्या वडिलांनी बागेसाठी बांधलेला. बाग गेली, पाणी राहिलं. आता ओळखीपाळखीची माणसं पोहायला आणि होड्या फिरवायला येत.

"थोरले मालक, उठा. गढूळ येतंय. तळाची झडप उघडून पाणी उतरवायला हवं."

मालकांची झोप खाडकन उतरली. "मग उघड की! विचारतोस काय?"

राखणदारानं फळ्याकडे पाहिलं.

फळ्यावर खिळे होते, खिळ्यांना पत्र्याचे बिल्ले. एका अंगानं पांढरे, दुसऱ्या अंगानं लाल. पाण्यात उतरताना लाल बाजू पुढे करून टांगायचा, बाहेर आलं की पांढरी. तीन नंबर लेकीचा, सहा धाकट्या मालकांचा, बाकीचे होडीवाल्यांचे. आकडे छिन्नीनं आरपार कापलेले. रंग उडाला तरी आकडा उडू नये, ही राखणदाराचीच अक्कल. कुठला बिल्ला कुठल्या खिळ्यावर, याला मात्र काही शिस्त नव्हती. पांढरे तो कधी मोजायचा नाही. लाल तेवढा शोधायचा. लाल दिसला, की झडपेला हात लावायचा नाही, कारण झडप उघडली की तिच्या तोंडाशी ओंडकासुद्धा उभाच्या उभा आत ओढला जाई.

एक बिल्ला लाल होता. सहा.

"धाकटे मालक पाण्यात आहेत."

"डोंबल पाण्यात! त्याचं नेहमीचंच आहे. अंग पुसायला विसरत नाही, बिल्ला फिरवायला विसरतो. गाडी आहे का बघ त्याची."

गाडी नव्हती. राखणदार बाहेर गेला, तीनदा शिट्टी फुंकली. पाणी टेकडीमागे वळायचं, तिथपर्यंतचं सगळं काचेसारखं पडलं होतं. वारा समोरून येत होता. पाण्यातून येणाऱ्यांची ओली पावलं ओट्यावर उमटत, पण ओटा कोरडा ठणठणीत होता.

आत येऊन त्यानं लेकीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. तिनं काही उचलला नाही. कपडे बदलायच्या खोलीकडच्या लाकडी भिंतीत भुंगा अडकला होता वाटतं, गुणगुणत होता.

मग विहीणबाईंना लावला.

"बाळाला घ्या नि टेकडीवर चढा. सगळ्या घरांना सांगा."

"अहो, बाळ आत्ता कुठे झोपलंय."

"झोपलेलं उचला! लेक कुठाय?"

"ती मघाच बाहेर पडली. जरा पाय मोकळे करून येते म्हणाली."

म्हणजे घरात नाही. राखणदाराचा निम्मा जीव भांड्यात पडला.

"झालं समाधान?" मालक म्हणाले. "उघड आता."

"धाकट्या मालकांना विचारल्याशिवाय नाही."

"तुझी नात आहे रे खाली!"

"म्हणून तर म्हणतो, लवकर विचारा."

भावाभावांत छत्तीसचा आकडा. थोरल्यांचा फोन धाकटे उचलत नसत, म्हणून तोही राखणदाराच्याच फोनवरून लावावा लागला.

"मी?" पलीकडून गर्दीचा आवाज आला. "बाजारात आहे. मी कशाला पाण्यात असेन? आणि माझा बिल्ला तर..."

"बास," म्हणत थोरल्यांनी फोन तोडला. "जिवंत आहे. पुढचं पुराण कोणी ऐकायचं?"

दोघांनी मिळून झडपेचं चाक फिरवलं. गंजलेलं चाक कुरकुरलं, मग सैल झालं. बंधाऱ्याच्या पोटातला पाइप घुमू लागला. पाण्यावर झडपेपाशी एक खळी पडली, हळूहळू फिरायला लागली.

काही मिनिटं गेली. मग पाइपाचा आवाज घोगरा झाला. घास अडकावा तसा एकदम दबला. खालचा पाण्याचा झोत बारीक झाला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

आतून काहीतरी सुटल्यासारखा आवाज आला आणि पाइप पुन्हा मोकळा घुमू लागला.

"ओंडका असेल," मालक म्हणाले.

"असेल."

४:४०. गळती: तीन बोटं. पाणी: नितळ. पाण्यात: कोणी नाही.

मालकांनी वही वाचली आणि उठून आपली खुर्ची राखणदाराकडे सरकवली. "बस. आज तू आठ घरं वाचवलीस."

तो पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसला. त्याला हसू येत होतं.

बाहेर गाडी थांबली. धाकटे मालक तणतणत आत आले.

"बोलू द्यायचं नाही म्हणजे काय? सांगत होतो, की बिल्ला सकाळपासून माझ्या खिशात राहिलाय. आज उतरलोच नाही पाण्यात. हा घे बाबा."

त्यांनी बिल्ला टेबलावर आपटला. पांढरी बाजू वर. सहा.

राखणदारानं फळ्याकडे पाहिलं. तिथेही सहा होता. लाल.

तो उठला. खिळ्यावरचा बिल्ला काढून त्यानं पांढऱ्या बाजूवर फिरवला.

तीन.

आरपार कापलेला तीन उलट्या अंगानं सहा दिसत होता. राखणदारानं खिशातून फोन काढला आणि लेकीचा नंबर लावला.

भिंतीतला भुंगा गुणगुणू लागला.