बाहेरून आलेले

थायलंडमधल्या आमच्या गावी विहाराच्या मंडपात गावसभा भरली होती. "ऊस पेटवणं बंद करा, पोरं खोकून बेजार झालीत," असं माझा डॅनिश नवरा हेन्रिक मोडक्यातोडक्या थाईत सांगत होता. सरपंच विरातनं त्याच्या हातातला माईकच ओढून घेतला.

"जावईबापू, लग्न करून बाहेरून आलेल्यांनी गावच्या कारभारात तोंड घालू नये."

माझी आई तोंडातलं पान गालात सरकवून उठली.

"बरोबर बोललास. पण आपल्याकडं नवरेच बायकोच्या घरी नांदायला येतात. तुलाही माझ्या भाचीनं पलीकडच्या गावातून आणलाय, विसरलास? बस खाली!"

विरात बसला. बाकीच्या जावयांनीही माना खाली घातल्या. आईनं त्याच्याकडचा माईक घेऊन माझ्या हातात दिला.

"बोल गं. आता गाव बोलेल."