कान ठणठणीत

कान तपासणाऱ्या ताईंनी आजोबांना आवाजबंद खोलीत बसवलं आणि हेडफोन चढवण्याआधी त्यांची जुनी फाइल चाळली. सात वर्षांपूर्वी बायकोनेच त्यांना दंडाला धरून इथे आणलं होतं. इंग्रजी फॉर्मही तिनेच भरला होता. 'हिअर'पुढे 'हो', 'लिसन'पुढे 'नाही'. खाली रिपोर्ट होता, कान ठणठणीत.

आजोबाही वाकून बघत होते. "दोन्हींचा अर्थ एकच ना हो?"

"नाही. हिअर म्हणजे नुसतं कानावर पडणं. लिसन म्हणजे कान देऊन ऐकणं."

आजोबांनी त्या 'नाही'वरून हळूच बोट फिरवलं.

"शिटी ऐकू आली की बटण दाबायचं," असं सांगून ताई काचेपलीकडे मशीनपाशी गेल्या. प्रत्येक शिटीला आजोबांनी बरोबर बटण दाबलं. पण मशीन गप्प असतानाही मधूनमधून बटणाचा दिवा लागायला लागला. पाचव्यांदा लागला तशा ताई दार उघडून आत आल्या आणि त्यांनी हेडफोन काढला.

"आजोबा, आत्ता तर मी काहीच वाजवलं नव्हतं."

"तुम्ही नाही हो. ही बोलतेय. जाऊन वर्ष झालं, पण बोलायची काही थांबलेली नाही."

ताईंनी हळूच विचारलं, "काय म्हणतायत आजी?"

आजोबांनी हात वर केला.

"थांबा जरा. तिचं बोलून होऊ दे."